तेलाचा काटा

आबांनी टेबलावर काचेच्या दोन उंच नळ्या उभ्या केल्या. दोन्हींत एकाच डब्यातलं तेल काठोकाठ भरलेलं होतं. मग त्यांनी एकसारख्या दोन पोलादी गोळ्या घेतल्या आणि एकाच वेळी दोन्ही नळ्यांत सोडल्या.

डावीकडची गोळी पटकन खाली गेली आणि तळाला टिंग करून वाजली. उजवीकडची मात्र रमतगमत निघाली. डावी तळाला पोचली तरी ही अजून वरच.

"तेल तेच, गोळ्या त्याच, नळ्या त्याच," आबा म्हणाले. "मग या बाईसाहेब एवढ्या निवांत का चालल्यात?"

अंबूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तिला जवळजवळ सुचलंच होतं, निदान नंतर ती सगळ्यांना तसं सांगत होती. पण तिच्याआधी खुर्चीतून एक बारीक आवाज आला.

"उजवीकडचे तेल थंड आहे. त्या नळीवर बाहेरून पाण्याचे थेंब जमले आहेत."

"वा रे पठ्ठ्या!" आबांनी टाळी वाजवली. "सकाळपासून फ्रिजमध्ये ठेवली होती ती. एका नजरेत ओळखलंस की!"

अंबूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

खुर्चीत बसला होता पृथ्वीराज, अंबूचा आतेभाऊ. जन्मला मंगळावर, वाढला मंगळावर आणि नाव काय, तर पृथ्वीराज! आत्या तिकडच्या वसाहतीत कामाला गेली तेव्हा तिला घरची फार आठवण यायची, म्हणून म्हणे तिनं हे नाव ठेवलं. कितीतरी महिन्यांचा प्रवास करून तो पहिल्यांदाच आजोळी आला होता. मंगळावर आपलं वजन इथल्या निम्म्याहूनही कमी भरतं. त्यामुळे पृथ्वीराज झाला होता ताडमाड उंच आणि त्याचे पाय राहिले होते काटक्यांसारखे. इथे उभं राहायचं म्हणजे त्याला पाठीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटे. पायांना आधाराच्या पट्ट्या बांधून तो रोज सकाळी अंगणात हळूहळू चालायचा सराव करी आणि अख्खी गल्ली कौतुकानं बघत उभी राही. अंबू त्याच अंगणात लहानपणापासून धावत आली होती. तिच्याकडे बघायला कुणी कधी थांबलं नव्हतं.

आई त्याच्यासाठी पांढरा रस्सा फिका करायला लागली होती. शेजारच्या काकू रोज वाटी झाकून काहीतरी आणत. हा पुस्तकातल्यासारखं "धन्यवाद, अतिशय रुचकर आहे" म्हणाला की त्या लोण्यासारख्या वितळत. अंबूनं एकदा तेच वाक्य म्हणून पाहिलं, तर काकूंनी विचारलं, "बरं नाही का गं?"

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण आबा? आबा तिचे होते.

अंबूचे आजोबा, आबा चव्हाण, म्हणजे कोल्हापुरातले नावाजलेले वंगणशास्त्रज्ञ (यंत्राचे भाग एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये जे तेल घालतात त्याचा अभ्यास करणारे). उद्यमनगरात घरामागेच त्यांची पत्र्याची शेड होती, आणि शेडमध्ये होती तांबडी.

तांबडी ही पेट्रोलवर चालणारी जुनी शर्यतीची गाडी. अंबूच्या काळात सगळ्या गाड्या बॅटरीवर चालत. त्यांना आवाज नाही, धूर नाही आणि, अंबूचं मत विचाराल तर, काही मजाही नाही. वर्षातून एकच दिवस, दसऱ्याला, जिल्ह्यातल्या जुन्या इंजिनांच्या गाड्या पन्हाळ्याच्या पायथ्याशी, वाघबीळला जमत. बोगद्याचा नवा रस्ता झाल्यापासून पन्हाळ्याचा जुना घाट ओसच पडला होता. त्या सकाळी तो फक्त या गाड्यांसाठी मोकळा ठेवत, आणि एकेक गाडी एकटी, जीव तोडून घाट चढून जाई.

तांबडीत दोनच सीट. उजवीकडे आबा. डावीकडे काटे वाचणारा. आबांची नजर वळणांवर असायची, म्हणून इंजिनाची तब्येत कशी आहे ते डावीकडच्यानं ओरडून सांगायचं. बारा वर्षं पुरी झाल्याशिवाय त्या सीटवर कुणी बसायचं नाही, हा आबांचा नियम. अंबूला श्रावणात बारा पुरी झाली होती.

आणि परवा जेवताना आबांनी सांगून टाकलं होतं, "यंदा डावी सीट पृथ्वीला. तो पुढच्या महिन्यात परत जाईल, पुन्हा केव्हा येईल कोण जाणे. तुझं काय, तू इथंच आहेस की!"

तू इथंच आहेस. जसं काही इथं असणं हा अंबूचा गुन्हाच होता.

"तर याला म्हणायचं विष्यंदिता," आबा नळ्या दाखवत सांगत होते. "विष्यंदिता (द्रव वाहायला किती नाखूश आहे त्याचं माप). पाण्याची कमी, मधाची जास्त. आणि तेल गार झालं की त्याची विष्यंदिता वाढते. थंडीत खोबरेलाच्या बाटलीचं काय होतं अंबू?"

"गोठतं," अंबू म्हणाली. एवढं सोपं तिला विचारायचं आणि अवघड त्याला, हेही तिच्या लक्षात आलं.

"आमच्याकडे पहाटे इतकी थंडी असते की फिरत्या गाडीच्या, म्हणजे रोव्हरच्या, चाकांतील वंगण घट्ट होऊन बसते," पृथ्वीराज म्हणाला. "म्हणून निघण्यापूर्वी चाकांच्या सांध्यांना विजेने ऊब द्यावी लागते. घाई केली तर सांधा मोडतो. हे आम्हाला शाळेत जाण्याआधीच शिकवतात."

"ऐकलंस?" आबांचे डोळे चमकले. अंबूनं ऐकलं होतं. न ऐकून सांगते कुणाला?

*

खंडेनवमीच्या दिवशी उद्यमनगरात एकही यंत्र चालत नाही. ज्या हत्यारांवर पोट भरतं त्यांची त्या दिवशी पूजा होते, आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आबा मोठे शास्त्रज्ञ, पण हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. "वर्षभर राबतात बिचारी," ते म्हणत, "एक दिवस सुट्टी त्यांनाही हवी." शेडमध्ये पाटावर पाने, पक्कड, हातोडी, सगळी हळदकुंकू लावून झेंडूखाली आराम करत होती.

तांबडीच्या नाकावर मोठा हार होता. पुढच्या चाकांखाली लिंबं आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. तिची पूजा मात्र इंजिन चालू ठेवून व्हायची आणि ते ऐकायला सगळी गल्ली दाराशी गोळा व्हायची. आबांनी किल्ली फिरवली. तांबडी खोकली, थरथरली आणि घुरघुरायला लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"पृथ्वी, डावीकडे बस. काटे बघायची सवय कर," आबा म्हणाले. मग अंबूकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. "आणि तू माझ्या जागेवर बस. मी नारळ घेऊन येतो. तोवर अशीच हळू चालू दे. रेसला पाय लावायचा नाही हं."

रेस म्हणजे पायाखालची ती पट्टी, जी दाबली की इंजिन जोरात फिरतं. अंबूनं मान डोलावली आणि स्टिअरिंगमागे बसली. शेजारी, तिच्या सीटवर, तो गुडघे हनुवटीपर्यंत दुमडून बसला होता. गल्लीतली पोरं त्याचे फोटो काढत होती.

अंबूच्या समोर पाण्याचा काटा होता. इंजिन तापून खराब होऊ नये म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवतात, ते किती गरम झालं हे दाखवणारा. तो सरसर चढत बरोबर मध्यावर येऊन थांबला.

"ए अंबू, होऊ दे की आवाज!" दारातून कुणीतरी ओरडलं.

"एकदाच! वर्षातनं एकदा तर ऐकायला मिळतंय!"

"थांबायला हवे," पृथ्वीराज हळूच म्हणाला. "तेलाचा काटा अजून हललेला नाही."

तेलाचा काटा आबांनी स्वतः नंतर बसवलेला होता, पार डाव्या कोपऱ्यात, खाली. उजव्या सीटवरून तो दिसतच नसे.

"इंजिन गरम आहे," अंबू म्हणाली. "हे बघ, काटा मधे आहे."

"तो पाण्याचा आहे."

"मला शिकवू नकोस. मी या गाडीत तुझ्याआधीपासून बसतेय!"

बसत होती ती, पण फक्त गाडी शेडमध्ये उभी असताना. तेवढ्यात दारातलं कुणीतरी म्हणालं, "अरे, त्या मंगळवाल्याला द्या, तो देईल रेस!" आणि सगळे हसले. अंबूच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं रेसवर पाय ठेवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला.

तांबडी गरजली. पत्रे थरथरले, पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि मग पुढून फट्ट असा आवाज झाला. काळ्या तेलाची चिळकांडी उडाली ती झेंडूच्या हारावर, रांगोळीवर आणि पहिल्या रांगेतल्या पोरांच्या नव्या कपड्यांवर.

पृथ्वीराजनं आपला लांबलचक हात पुढे केला आणि बटण दाबून इंजिन बंद केलं.

एकदम सगळं शांत झालं. दारात आबा नारळ घेऊन उभे होते.

"कुणाला लागलं का?" त्यांनी आधी विचारलं. मग ते वाकले आणि फुटलेली रबरी नळी बोटांनी चाचपत राहिले.

"काटा मधे होता!" अंबूचा आवाज चिरकला. "मी बघितलं होतं!"

"कुठला काटा?"

आबांनी पृथ्वीराजच्या खांद्यावर हात ठेवला. "लगेच बंद केलीस ते बरं केलंस. अजून थोडी चालली असती तर आतलं सगळं कोरडं पडून गाडी कायमची बसली असती."

झालं! अंबूला हेच ऐकायचं नव्हतं.

"त्याचंच बरोबर निघालं ना? मग त्यालाच द्या डावी सीट! त्यालाच द्या गाडी! मलाच पाठवा मंगळावर!" असं ओरडून ती शेडच्या मागे जाऊन बसली, आणि तिथे तिला कुणी बघायला आलं नाही, याचाही तिला राग आला.

*

संध्याकाळी आबा स्वतःच मागे आले. त्यांच्या हातात एक दट्ट्या होता (इंजिनाच्या नळकांड्यात वरखाली होणारा धातूचा गोल ठोकळा, ज्याला आपण पिस्टन म्हणतो) आणि लोखंडाचं एक रिकामं नळकांडं.

"नवी नळी आहे कपाटात," ते शेजारी बसत म्हणाले. "पण पाने पाटावर आहेत. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचे नाहीत. तोवर तू रागावून घे. झालं की एक सांग. पाणी गरम होतं, तरी नळी का फुटली?"

अंबूनं तोंड फिरवलं. पण कोडं समोर टाकलं की ती ते सोडवल्याशिवाय राहू शकत नसे, हे आबांना पक्कं ठाऊक होतं.

"पाणी आणि तेल एकाच इंजिनात आहे ना?" ती शेवटी म्हणाली. "मग दोन्ही बरोबर तापायला पाहिजेत."

"आता विचार कर. जाळ कुठं असतो? या नळकांड्याच्या वरच्या टोकाला. पाणी त्याच्या अगदी भोवती फिरतं. त्यात आणि सुरुवातीला एक झडप बंद असते, त्यामुळे थोडंसंच पाणी आतल्या आत फिरत राहतं. थोडं पाणी आणि शेजारी जाळ, मग?"

"लगेच तापतं."

"आणि तेल? ते खाली तेलपात्रात असतं (इंजिनाच्या तळाशी असलेला तेलाचा डबा). जाळापासून लांब आणि खालनं गार हवा. पंप त्याला वर पाठवतो, ते फिरून परत खाली येतं. असं पुन्हा पुन्हा फिरल्यावर कुठं ते तापतं."

अंबूला त्या दोन नळ्या आठवल्या. रमतगमत जाणारी ती गोळी आठवली.

"म्हणजे मी दाबलं तेव्हा तेल अजून दाट होतं. मग पंप जोरात फिरला..."

"पंपाला काय कळतंय? इंजिन जोरात फिरलं की तो तेवढंच जास्त तेल पुढं ढकलणार. पण वाटा बारीक, तेल दाट. ते जाईना, मागून ढकलणं थांबेना. दाब वाढला तर सोडून द्यायला एक झडप ठेवलेली असते, पण दाट तेल तिच्यातूनसुद्धा घाईनं जात नाही. मग सगळ्यांत कच्ची जागा फुटते. नळी जुनी होती, तेवढी चूक माझी."

मग त्यांनी दट्ट्या नळकांड्यात सरकवला आणि हलवला. तो किंचित खुळखुळला.

"सैल आहे," अंबू म्हणाली.

"मुद्दाम. दट्ट्या अ‍ॅल्युमिनियमचा, नळकांडं लोखंडाचं. तापल्यावर दोघांचंही प्रसरण होतं (आकार वाढतो), पण अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हळूहळू तापवलं तर दोघं एकमेकांना सांभाळून घेतात आणि बरोबर बसतात. गार असतानाच गाडी पिटाळली तर दट्ट्या आधी फुगतो, नळकांडं मागं राहतं, आणि मग दोघं एकमेकांना खरवडतात."

अंबूनं दट्ट्या हातात घेऊन खुळखुळवून पाहिला.

"आबा, डावी सीट अजून त्यालाच?"

"घाटात त्यालाच. मी शब्द दिलाय." आबा उठले. "पण घरापासून वाघबीळपर्यंत तू बसायचं. तांबडीला मी तिथवर हळूहळू तापवत नेतो. नुसती जागेवर घुरघुरत ठेवून भागत नाही. गिअर, चाकं, टायर, हे सगळं चालल्याशिवाय तापत नाही."

म्हणजे मिरवायचा भाग त्याला आणि बैलगाडीसारखं जायचं ते अंबूनं! उरलंसुरलं तिच्या वाट्याला. तिचा चेहरा पाहून आबांनी जास्त काही विचारलं नाही.

*

दसऱ्याला उत्तरपूजा आटोपली आणि आबांनी हात जोडून पाने उचलले. नवी नळी आवळून धरणारी एक टोपी गाडीच्या नाकात इतकी आत होती की आबांचा हात तिथे जाईना. पृथ्वीराजची लांब बोटं गेली, पण पाना फिरवायला त्याच्या मनगटात जोर नव्हता. शेवटी त्यानं आत बोटांनी टोपी धरून ठेवली आणि अंबूनं बाहेरून पाना ओढला. आबा तेल आणायला गेले. दोघांची डोकी जवळजवळ एकमेकांना लागली होती.

"मला तुझा फार राग येतो," पृथ्वीराज अचानक म्हणाला.

अंबूला वाटलं, हे तर माझं वाक्य आहे.

"तू जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घेतेस. मुद्दाम माझ्यासमोर. दार उघडून तशीच बाहेर पळतेस, मुखवटा नाही, हवेची टाकी नाही. आबा तुला रोज भेटतात. मला ते पडद्यावर भेटत आले, आणि मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला वीस-वीस मिनिटे लागायची. इतक्या लांबून निरोप यायला तेवढा वेळ लागतोच. तोपर्यंत मी काय विचारले होते तेच विसरून जायचो."

आपलाही कुणी हेवा करतं, हे ऐकून अंबूला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिला जरा लाजच वाटली. दोन-दोन पायऱ्या ती मुद्दामच घेत होती.

"घट्ट धर," ती म्हणाली, आणि पाना शेवटचा ओढला.

*

निघायला उशीर झाला होता. बाबा पृथ्वीराजला बॅटरीच्या गाडीतून पुढे घेऊन गेले. अंबू डाव्या सीटवर बसली, पट्टा आवळला, आणि तांबडी कासवाच्या चालीनं पन्हाळ्याच्या रस्त्याला लागली.

वाटेत बाकीच्या जुन्या गाड्या त्यांना मागे टाकून पुढे गेल्या. एकानं तर खिडकीतून हात काढून "ढकलू का?" असं विचारलं. आबा हसले. ते रेस अगदी बेतानं देत होते, मधूनमधून किंचित वाढवत होते, आणि काट्याकडे एकदाही बघत नव्हते.

"पाणी?"

"मधे. केव्हाचंच."

"तेल?"

"हलायला लागलंय. झोपेतून उठतंय."

"उठू दे."

हळूहळू अंबूला एक गोष्ट कळली. तेलाचा काटा आबांना दिसतच नव्हता. तिनं "अजून नाही" म्हटलं असतं तर ते अख्खा दिवस असेच चालवत राहिले असते. एवढी मोठी गाडी, एवढे मोठे आबा, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. इंजिनाचा आवाजही बदलत गेला. आधी तो खरखरीत होता, आता गुळगुळीत झाला होता.

वाघबीळला पोचले तेव्हा बाकीच्या सगळ्या गाड्या वर गेल्या होत्या. घाटाच्या तोंडाशी झेंडा घेतलेले पंच घड्याळ बघत उभे होते. शेजारी घडीच्या खुर्चीत पृथ्वीराज शिरस्त्राण घालून बसला होता.

"चव्हाणसाहेब, लवकर करा!" पंच ओरडले. "रस्ता सगळ्यांसाठी उघडायची वेळ झाली. आता निघाला नाहीत तर पुढच्या वर्षी या!"

"अंबू, तेल?" आबांनी विचारलं.

काचेवर आबांनी एक पांढरी खूण केली होती. काटा तिच्या जरासा खाली होता.

"अजून नाही."

पंचांनी झेंडा दुसऱ्या हातात घेतला. पृथ्वीराज खुर्चीतून उठून उभा राहिला. आणि तेवढ्यात काटा खुणेला येऊन टेकला.

तो फक्त अंबूला दिसला.

आता हे खरं सांगायलाच हवं. अंबू लगेच बोलली नाही. तिच्या मनात आलं, अजून थोडं गप्प बसलं की झेंडा गुंडाळला जाईल. चढाई बंद. यंदा कुणीच चढायचं नाही. तिला सीट मिळणार नव्हती, पण त्यालाही मिळणार नव्हती. पुढच्या वर्षी तो इथं नसेल आणि ती असेल. "अजून नाही" एवढंच पुन्हा म्हणायचं होतं. कुणाला कधी कळलं नसतं.

तिनं आबांकडे पाहिलं. त्यांची नजर रस्त्यावर होती. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

"झाली!" अंबू ओरडली. "आबा, झाली तयार! पळवा आता!"

पट्टा सोडून ती बाहेर उडी मारून उतरली, पृथ्वीराजला दंडाला धरून जवळजवळ ओढतच आणलं, सीटवर बसवलं आणि त्याचा पट्टा स्वतः आवळला. "कोपऱ्यातला बघत राहा," ती म्हणाली. "मधल्याच्या नादी लागू नकोस."

झेंडा पडला. तांबडी सुटली.

ती पहिल्या वळणाआड गेली, पण आवाज राहिला. घाटात खाली उभं राहिलं की पूर्ण चढण ऐकू येते, हे अंबूला माहीतच नव्हतं. आवाज चढायचा, वळणावर श्वास घ्यायचा, पुन्हा चढायचा. कुठंही खरखर नाही. मनात अजून खुपत होतं, नाही असं नाही. पण एवढा मोठा आवाज आपण म्हणालो तेव्हा निघाला, हेही तिथंच कुठंतरी होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं याचं तिला नवल वाटलं.

वरून परत आल्यावर पृथ्वीराजला चालवेना. बाबांनी त्याला उचलून गाडीत ठेवलं. तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आबांनी तांबडी बंद केली नाही. "तापलेल्या इंजिनाला एकदम बंद केलं की आतली उष्णता जिथल्या तिथं अडकते," ते म्हणाले. "जसं हळूहळू तापवलं, तसंच हळूहळू निववायचं. बस अंबू, घरी जाऊ."

अंबू डाव्या सीटवर बसली. परतीचा सगळा रस्ता तांबडी पुन्हा कासवाच्या चालीनं आली, आणि अंबू ऐटीत काटे वाचत आली.

*

पृथ्वीराज परत गेला. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याचा निरोप आला. पडद्यावर मंगळाची पहाट होती, निळसर आणि गोठलेली. तो एका फिरत्या गाडीत बसला होता, डावीकडे. मागून मुलं ओरडत होती, चल ना, चल ना, हिरवा दिवा लागलाय!

"हिरवा दिवा बाहेरचं कवच तापल्याचा आहे," पृथ्वीराज त्यांना सांगत होता. "सांध्यातलं वंगण अजून झोपेतून उठतंय. उठू दे की!"

त्याचं मराठी बिघडलं होतं. अंबूला ते फार आवडलं.

मग तो पडद्याकडे वळला. "अंबू, इथली मुलं मला विचारतात, नेमकं केव्हा निघायचं ते तुला कसं कळतं? मी सांगतो, मला वाघबीळला एका मुलीनं शिकवलं. आणि हो, या दसऱ्याला घाटात डावीकडं तूच ना? मला आत्तापासूनच हेवा वाटायला लागलाय."

आबा बाहेरून हाका मारत होते, तांबडीच्या तेलाचा नवा डबा आला होता. अंबू "आले, आले" म्हणाली, आणि निरोपातलं शेवटचं वाक्य तिनं पुन्हा एकदा लावलं.